मेहंदीखालचा तळहात

तुमच्या घरात कोणी कॅन्सरची गोळी घेत असेल, तर मला एवढंच सांगा: त्या माणसाचा तळहात तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? हातात हात घेतलात का, असं मी विचारत नाही. खिडकीपाशी उजेडात नेऊन, बोटांच्या पेरांपर्यंत नीट पाहिलात का?

मी पाहिला नव्हता. आणि मी तर त्या हातांच्या जिवावर वाढले होते.

आमच्या घरात देव्हाऱ्याशेजारी पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि युनियनचे चिटणीस. बाकीची पोरं कमळ-बदकावरून अक्षरं शिकली, मी पत्रकांवरून शिकले. मी जोडून वाचलेला पहिला शब्द ‘धिक्कार’ होता, हे बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेनं सांगायचे. बाबा लिहायचे, छापून आणायचे आणि आई घड्या घालायची. आई उमरेडच्या विणकर घरातली. लहानपणापासून मागासाठी कांड्या भरून तिच्या उजव्या अंगठ्याची कातडी जाड झाली होती. त्या अंगठ्यानं ती कागदाची अशी घडी दाबायची की पट्टी लावून पाहावी. संध्याकाळच्या भाजीला फोडणी देईपर्यंत थप्पी तयार. बाबा म्हणायचे, “तुह्या आईच्या अंगठ्यात इस्त्री बसवली आहे.”

बाबा गेल्यावर पत्रकं मी लिहायला लागले. वस्तीतल्या नळाचं, शाळेच्या गळक्या छपराचं, बंद पडलेल्या बसफेरीचं. घड्या आईच घालायची. आमच्या घरात एक गोष्ट न सांगता शिकवली गेली होती. कुठं दुखलं की आधी विचारायचं, हे कोणी केलं? मग त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. मला आजही ती गोष्ट खोटी वाटत नाही. पण ती एकच गोष्ट मला येत होती, आणि मी आईच्या आजारपणातही तीच करत राहिले.

आईला आतड्याचा कॅन्सर निघाला. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. टाके सुकल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की आता गोळ्या घ्यायच्या. चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ, मग सात दिवस सुट्टी, मग पुन्हा चौदा दिवस. अशा आठ फेऱ्या. त्या पूर्ण झाल्या तर आजार परत यायची शक्यता कमी होते. आम्ही दोघी तिथंच एकमेकींकडे पाहून हसलो.

“सुई नाही ना, डॉक्टरसाहेब?” आईनं विचारलं.

“नाही. घरीच घ्यायच्या.”

“मग काय! डोकेदुखीची गोळी गिळतो तशी गिळून टाकू.”

डॉक्टर म्हणाले, “तशी नाही, आजी. ही गोळी म्हणजे किमोच आहे, फक्त तोंडानं घ्यायची. सिस्टर सगळं समजावून सांगतील. नीट ऐका.”

सिस्टरनी आम्हाला बाजूच्या खोलीत बसवलं. चाळिशीतली, घाईत असलेली पण घाई न दाखवणारी बाई. तिनं टेबलावर एक छापील कागद ठेवला. दोन्ही बाजूंनी भरलेला, सगळा इंग्रजीत. ती बोलायला लागली आणि मी तो कागद उचलला.

“हा इंग्रजीत का आहे?”

“वरूनच तसा येतो, ताई.”

“माझ्या आईला इंग्रजी येत नाही. बाहेर बाकांवर बसलेल्या किती जणांना येतं? मग हा छापला कोणासाठी?”

“म्हणूनच तर मी तोंडी सांगून राहिली,” सिस्टर म्हणाल्या. “ऐका तर खरं.”

मी ऐकलं नाही. मी कागद घेऊन काउंटरवर गेले, तिथून व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये. ज्याच्या शरीरात औषध जाणार, त्याला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे, हे मी उभ्यानं दहा मिनिटं सांगितलं. माझा आवाज बाहेरपर्यंत गेला असणार, कारण मी बाहेर आले तेव्हा बाकांवरची माणसं माझ्याकडे कौतुकानं पाहत होती. व्यवस्थापक म्हणाला होता, विचार करू. मी म्हणाले होते, तुम्ही विचार करा, तोवर मराठी मीच करून देते.

परत खोलीत आले तर सिस्टरचं सांगून झालं होतं. आई पदराच्या टोकाशी खेळत मान डोलवत होती. सिस्टरनी मला विचारलं, “पुन्हा सांगू का तुम्हाला?” मी म्हणाले, “नको, मी कागद वाचीन.”

रिक्षात मी आईला विचारलं, “काय म्हणाली गं ती?”

“काही नाही वं. जेवल्यावर अर्ध्या तासात घ्याची, पाण्यासंग. हात धुवाचे. त्रास झाला तर फोन कराचा.”

सिस्टरनी हातापायांची आग, कातडी सोलणं, तोंड येणं, जुलाब, ताप, असं एकेक नाव घेऊन सांगितलं होतं. हे मला नंतर कळलं. आईनं ते सगळं ‘त्रास’ या एका शब्दात बांधून आणलं होतं. आणि आईच्या लेखी त्रास म्हणजे काय, ते मला माहीत असायला हवं होतं. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ती पलंगावरून उतरून स्वतःच्या चादरीची घडी घालताना सापडली होती.

कागद फाइलमध्ये गेला. मराठी करायचं राहून गेलं. मी त्याऐवजी किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर लाल स्केचपेननं मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘एकही गोळी चुकणार नाही.’ खाली आईनं सही करावी म्हणून मी हट्ट धरला. तिनं हसत हसत सही केली. “संपावर जाऊन राहिलो का आपण?” ती म्हणाली. आम्ही संपावरच निघालो होतो. आमच्या घरात संपातून मागं फिरणाऱ्याचं नाव जेवताना घेत नसत.

पहिली फेरी सोपी गेली. तोंडाची चव गेली, थोडी मळमळ झाली, बस. दुसऱ्या फेरीच्या शेवटी आई म्हणाली, “तळपायाची भल्ली आग होऊन राहिली.”

नागपुरात मे अर्धा सरल्यावर कोणाच्या तळपायाची आग होत नाही? दुपारी गच्चीवर वाळवण घालायला गेलेली बाई नाचत खाली येते. आईनं उपाय ठरवूनच ठेवला होता. शेजारच्या काकूंकडून मेहंदी भिजवून आणली आणि तळहात-तळपायांवर जाड थापली. रात्री मी माळ्यावरून काशाची वाटी काढली. तूप लावून वाटीनं तळपाय घासायचे, पाय काळे झाले की उष्णता निघाली. लहानपणी आईनं माझे असेच घासले होते. मी जोर लावून घासायची. आई डोळे मिटून पडलेली असायची. कधी कधी तिचा पाय चटकन आत ओढला जायचा.

“दुखतंय का?”

“नाही वं, गुदगुल्या होतात.”

मग सात दिवसांची सुट्टी आली आणि आग कमी झाली. गोळी बंद होती म्हणून कमी झाली, हे आज मला सरळ दिसतं. तेव्हा श्रेय मेहंदीला आणि काशाच्या वाटीला गेलं. काकू तर दारातूनच ओरडल्या, “पाहा! मी म्हटलं नव्हतं?”

तिसऱ्या फेरीआधी रक्त तपासून आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, “हातापायांना काही त्रास?”

आई माझ्याकडे पाहायला लागली. तिच्या मांडीवर तिचे हात होते, लालकेशरी रंगलेले. मी म्हणाले, “काही विशेष नाही डॉक्टर. उन्हाळ्याची उष्णता. मेहंदी लावली आहे.”

प्रश्न आईला विचारला होता. उत्तर मी दिलं. ते वाक्य मी तेव्हापासून हजार वेळा परत घ्यायचा प्रयत्न केला आहे.

तिसरी फेरी नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ सगळ्यांत तापलेल्या दिवसांत, सुरू झाली. कूलरमध्ये दिवसातून दोनदा पाणी भरलं तरी घर तापलेलं. फेरीच्या सहाव्या-सातव्या दिवशी आम्ही रेशन दुकानात गेलो. बाबांच्या मागं आई कार्डावरची मुख्य बाई होती, धान्याला तिचाच अंगठा लागायचा. दुकानदार ओळखीचा, तोंडाळ.

“काकू, मेहंदी लावून कोणाच्या लग्नाले चालल्या?”

“तुह्याच,” आई म्हणाली. “तुले पोरगी कोण देते म्हणून पाहाले चालली.”

रांगेतल्या बायका हसल्या. आईनं अंगठा मशीनवर ठेवला. मशीननं लाल दिवा दाखवला. पुसून ठेवला, लाल. डावा ठेवला, लाल. एकेक करून दहाही बोटं लावून झाली.

“काकू, तुमचा अंगठा तुम्ही घरी ठेवून आल्या वाटते,” दुकानदार म्हणाला. “मशीन म्हणते, ही बाई कोणीच नाही.”

“काहून गा? काल तर होती मी.”

“मेहंदी उतरवून या. नाहीतर पुढच्या महिन्यात पाहू.”

तिथं माझ्या डोक्यात ठिणगी पडली. पुढच्या महिन्यात? मशीनला माणूस ओळखता येत नाही म्हणून माणसानं उपाशी राहायचं? मी दुकानदाराला नियम विचारला, तक्रार वही मागितली. ती नव्हतीच. रांगेतल्या आणखी दोन म्हाताऱ्या बायका पुढं आल्या. एकीनं आयुष्यभर विटा उचललेल्या, एकीनं धुणीभांडी केलेली. त्यांचेही अंगठे मशीन घेत नव्हतं. मला माझं पत्रक सापडलं. उभ्या उभ्याच पहिलं वाक्य सुचलं: ‘ज्या हातांनी हे शहर उभं केलं, त्या हातांवरच्या रेषा झिजल्या, हा त्यांचा गुन्हा आहे काय?’

त्या वेळी आईचा अंगठा माझ्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर होता. त्यावरच्या रेषा आयुष्यभराच्या कामानं झिजल्या नव्हत्या. मागच्या महिन्यात याच मशीननं हाच अंगठा पहिल्या झटक्यात घेतला होता. एका महिन्यात माणसाच्या बोटांचे ठसे जातात कसे, असा साधा प्रश्न मला पडला नाही. मला प्रश्नाआधीच उत्तर मिळालं होतं आणि ते छापण्यासारखं होतं.

सीताबर्डीतून पत्रकं छापून आणली. दोन दिवसांनी तहसील कार्यालयासमोर बसायचं ठरलं. गठ्ठा आईसमोर ठेवला. ती नेहमीसारखी भिंतीला टेकून बसली आणि घड्या घालायला लागली. मी समोर फोनवर माणसं गोळा करत होते. मध्येच माझं लक्ष गेलं. ती अंगठा वापरत नव्हती. मनगटाच्या हाडानं घडी दाबत होती.

“आई, घड्या सैल पडून राहिल्या.”

“हो वं. कूलरच्या हवेनं कागद उडते.”

एका पत्रकाच्या कोपऱ्यावर लालसर डाग होता. “मेहंदी,” ती म्हणाली, आणि ते पत्रक मांडीखाली सारलं. मी म्हणाले, “डागाचं एक बाजूला ठेव, चांगलं दिसत नाही.” तिच्या सोललेल्या अंगठ्याची बाजू घेणाऱ्या पत्रकांना ती त्याच हातांनी घड्या घालत होती, आणि मला त्यांची घडी सैल वाटत होती.

त्याच दिवसांत तिचं तोंड आलं. भाकरी सोडाच, वरणभातही झोंबायचा. गोळी मोठी, ती घशाशी अडायची. कॅलेंडरवर लाल अक्षरं होतीच. मी खलबत्ता काढला. ज्यात आम्ही चहाची वेलची कुटायचो, त्यातच ती गोळी कुटली, बोटानं गोळा केली, मधात कालवून आईला चाटवली. पांढरी पूड ओट्यावर सांडली ती पदरानं पुसली. मला स्वतःचा अभिमान वाटला. एकही गोळी चुकली नव्हती.

जुलाब तिनं लपवले. आमचा संडास मागच्या अंगणात आहे. मी दिवसभर बाहेर असायची, त्यामुळं लपवणं सोपं होतं. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाली, “आंबा खाल्ला होता.” पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, “पन्ह्यात गूळ जास्त पडला.” ती तुळशीच्या कट्ट्याला धरून चालत होती, हे काकूंनी पाहिलं होतं. काकूंना तिनं सांगितलं होतं, “पोरीले काही बोलू नको, तिची सभा आहे.”

सभेच्या दिवशी सकाळी अकराला मी तहसील कार्यालयासमोर बोलत होते. बऱ्यापैकी माणसं जमली होती. विटा उचलणाऱ्या आजी पुढं बसल्या होत्या, दोन्ही अंगठे वर करून. फोन थरथरला, मी कापला. पुन्हा थरथरला, पुन्हा कापला. चौथ्यांदा उचलला. काकू होत्या.

“तुही माय अंगणात पडली वं. डोळे उघडते, पण बोलत नाही.”

दवाखान्यात त्याच सिस्टर होत्या. सलाइन लावायला त्यांनी आईचा हात हातात घेतला, आणि थांबल्या. त्यांनी हात उलटा केला. कापूस ओला करून मेहंदीचा पापुद्रा हळूच बाजूला केला. मेहंदीबरोबर कातडीही निघत होती. खाली लालभडक, चकाकणारं मांस होतं, सांध्यांवर भेगा, अंगठ्याच्या पेरावर वाळलेलं रक्त. मग त्यांनी चादर वर करून पाय पाहिले. मी ज्यांना काशाच्या वाटीनं घासलं होतं, ते पाय. टाचांना फोड येऊन फुटले होते.

“हे कधीपासून?”

मी म्हणाले, “उष्णता...”

“उष्णता नाही ही. गोळीनं होते हे. मी सांगितलं होतं ना, ताई? हातपाय लाल झाले, दुखले, की फोन कराचा. चोळाचं नाही, घासाचं नाही, गरम पाण्यात टाकाचं नाही. मलम लावाचं, आणि गोळी घ्याची की थांबवाची ते आम्हाले विचाराचं. जुलाब किती दिवस?”

उत्तर काकूंनी दिलं. “पाच दिवस. रोज सात-आठ वेळा.”

“आणि गोळी चालूच?”

“चालूच,” मी म्हणाले. “एकही चुकली नाही. गिळता येत नव्हती तर कुटून दिली.”

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “कुटून? उघड्या हातानं? अहो, आम्ही ही गोळी हातमोज्यांशिवाय उचलत नाही. तिची पूड तुमच्या श्वासात गेली असेल, बोटांतून अंगात गेली असेल. गिळता येत नसेल तर तेच आम्हाले सांगाचं असते.” मग त्यांनी विचारलं, “तुम्ही तो कागद वाचला का?”

“फाइलमध्ये आहे,” मी म्हणाले.

डॉक्टरांनी गोळी त्या क्षणी बंद केली. ते मला म्हणाले, आणि हे वाक्य मी शब्दशः लक्षात ठेवलं आहे: “आग सुरू झाली त्याच आठवड्यात फोन केला असता, तर काही दिवस थांबवून डोस कमी करून पुन्हा सुरू केली असती. बहुतेक लोकांचं तसंच होतं. थांबणं हा उपचाराचाच भाग आहे.”

आमच्या घरात थांबणं या शब्दाला फार वाईट वास होता.

आई बोलायला लागली ती तिसऱ्या दिवशी. हातांना पांढरं मलम लावून, हात उशांवर ठेवलेले. मी तिच्या बाजूला बसून विचारलं, “मला का नाही सांगितलं?”

ती म्हणाली, “तुले सांगितलं असतं तर तू डॉक्टरसंग भांडली असती.”

“मी?”

“नाहीतर कोण? कागदासाठी भांडली. अंगठ्यासाठी भांडली. मले वाटलं, ही आता दवाखान्यासमोर मंडप टाकते. मग ते औषधच देणार नाहीत.” ती हसली, ओठ फुटलेले होते म्हणून अर्धंच हसली. “आन तू लिहून ठेवलं होतं ना भिंतीवर. मी सही केली होती.”

ज्या घरात सगळ्यांच्या दुखण्याला आवाज मिळायचा, त्या घरात माझ्या आईला स्वतःचं दुखणं बोलायची भीती वाटली, आणि ती भीती माझी होती. माझ्या भाषणांनी घाबरावं कोणी, तर ते अधिकाऱ्यांनी, असं मला वाटायचं.

हात भरून यायला दीड महिना गेला. नवी कातडी आली, लहान मुलाच्या गालासारखी. डॉक्टरांनी कमी डोस सुरू केला. पण आईचं पोट त्या पाच दिवसांतून कधी सावरलं नाही. चौथी फेरी अर्ध्यावर थांबवावी लागली, या वेळी आम्ही पहिल्याच दिवशी फोन करूनसुद्धा. आठ फेऱ्या ठरल्या होत्या, आमच्या दोन पूर्ण आणि दोन अर्धवट झाल्या. हिवाळ्यात तपासणी केली तेव्हा आजार परतलेला होता. त्यानंतर तिनं कुठलीच गोळी घ्यायला नकार दिला. मी भांडले नाही. पुढच्या उन्हाळ्यापूर्वी ती गेली.

मी डॉक्टरांना विचारलं होतं, माझ्यामुळं का? ते भले माणूस आहेत. म्हणाले, असं म्हणता येणार नाही. सगळ्या फेऱ्या पूर्ण करणाऱ्यांचाही आजार कधी परततो. मी त्या वाक्यात राहायचा प्रयत्न करते. पण त्या वाक्याला दुसरी बाजू आहे, आणि तिथं आईच्या पूर्ण न झालेल्या सहा फेऱ्या आहेत.

एक गोष्ट सांगितली नाही तर हे लिखाण अप्रामाणिक होईल. ते पत्रक यशस्वी झालं. आमच्या रेशन दुकानात आता डोळ्यांवरून माणूस ओळखणारं यंत्र आलं आहे, आणि ते बिघडलं तर वहीत सही घेऊन धान्य देतात. विटा उचलणाऱ्या आजी मला रस्त्यात अडवून हात जोडतात. मला तोंड लपवावंसं वाटतं. मी जे लिहिलं ते खरं होतं. मशीन अन्याय करत होतं. इंग्रजी कागदही अन्यायच होता. मी एकाही भांडणात चुकीच्या बाजूला नव्हते. आणि तरीही, त्या भांडणांमागं बसून मी माझ्या आईकडे पाहिलं नाही.

उरलेल्या गोळ्या मी दवाखान्यात परत केल्या, कारण त्या कचऱ्यात किंवा संडासात टाकायच्या नसतात. हेही त्या कागदावर होतं. खलबत्ता कपड्यात गुंडाळून दिला. सिस्टरनी तो न विचारता घेतला. डागाचं ते पत्रक मला आईच्या गादीखाली सापडलं. तिची घडी त्यावर आहे, सैल, मनगटानं दाबलेली.

मग मी बसले आणि त्या इंग्रजी कागदाचं मराठी केलं. दोन संध्याकाळी लागल्या, फक्त दोन. सिस्टरनी तपासून दिलं, चार शब्द बदलले. ‘हस्त-पाद लक्षणसमूह’ असं मी लिहिलं होतं, त्यांनी खोडून लिहिलं, ‘हातापायांची आग आणि सोलणं.’ आता तो कागद त्या बाकांवर वाटला जातो. घड्या मी घालते. मला चांगल्या जमत नाहीत.

तुम्ही माझं ऐकणार असाल तर आज एक काम करा. तुमच्या घरातल्या त्या माणसाला पुढची गोळी द्यायच्या आधी खिडकीपाशी बसवा. हात उघडायला सांगा, पाय पाहा, तोंडात पाहा. मेहंदी असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. आज किती वेळा संडासला जावं लागलं, काल किती वेळा, ते विचारा, आणि उत्तर त्यांनाच देऊ द्या. ते सांगत असताना मध्ये बोलू नका, रागावू नका, शाबासकीही देऊ नका. काही वेगळं दिसलं तर गोळी द्यायच्या आधी दवाखान्याला फोन करा. नंबर गोळ्यांच्या डबीवरच चिकटवून ठेवा. कोणाची चूक आहे ते नंतर ठरवू. भांडायचं असेल तर मला बोलवा, मी येईन. तुम्ही आधी तो हात पाहा.